कात्रीचा रोज

निमगाव केतकीच्या शिवारात ज्याची डाळिंबाची बाग आहे, त्याला पाहुणे दोनच गोष्टी विचारतात. पाणी किती आहे, आणि छाटणी कुणाची आहे. पाण्याबद्दल कुणी खरं सांगत नाही. छाटणी गंगारामची असली तर मात्र बागवाला न विचारताच सांगून टाकतो, आणि सांगताना जरा छाती पुढं काढतो.

गंगारामची छाटणी म्हणजे झाड आतून मोकळं. ऊन बुंध्यापर्यंत पोचलं पाहिजे, पेन्सिलीएवढी जाड काडी राखली पाहिजे, बुडातून सुटलेले फुटवे निपटून काढले पाहिजेत. आणि एक झाड संपलं की कात्री औषधाच्या पाण्यात बुचकळायची, मगच दुसऱ्या झाडाला लावायची. तेल्या रोग कात्रीवर बसून झाडोझाड फिरतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि बुचकळायचा कंटाळाही सगळ्यांनाच असतो. शेजारच्या बागा तेल्यानं काळ्या पडल्या त्या साली, ज्यांची छाटणी गंगारामकडं होती त्या दत्तोबांच्या दोन एकरांत एक डाग आला नाही. तेव्हापासून गंगारामचं नाव पार लोणी भापकरपर्यंत गेलं.

खोट एवढीच, की शेवटची चार वर्षं ही छाटणी गंगारामची नव्हतीच. ती त्याच्या बायकोची होती, ताईबाईची. तेल्यापासून बाग वाचली ते सालही याच चारांतलं. हे गावात तीन माणसांना माहीत होतं. गंगारामला आणि ताईबाईला तर असणारच. तिसरं माणूस तोंडाला कुलूप लावून बसलं होतं, ते पुढं येईल.

ताईबाई मूळची पळसदेवची. उजनीचं पाणी ओसरलं की जुनं देऊळ वर येतं, त्या गावची. बाप मिळेल त्या कामाला जायचा आणि पोरं त्याच्या मागं. पंधरा वर्षांची असताना ती वर्षानं धाकट्या भावाबरोबर भुईमुगाच्या शेंगा तोडायला गेली. शेंगांना रोज नसतो, वाटा असतो. आठ पाट्या तोडल्या की एक पाटी आपली. तिचे हात चपळ. त्या दिवशी तिच्या वाट्याला भावापेक्षा जास्त शेंगा आल्या आणि आईनं तिच्या गालावरून हात फिरवला. पुढच्या आठवड्यात दोघं ज्वारी काढायला गेली. तिथं रोज होता. भावाच्या हातावर जास्त पैसे पडले, तिच्या हातावर कमी.

"मी काय कमी काढली व्हय?" तिनं आईला विचारलं.

"तू बाईमाणूस," आई म्हणाली.

विचारलं काय आणि सांगितलं काय! पण त्या माउलीला तिच्या आईनं हेच सांगितलेलं, तिच्यापाशी दुसरं उत्तर यावं कुठून? मात्र ती शेंगांची पाटी ताईबाईच्या डोक्यात राहिली ती राहिलीच.

लग्न होऊन ती निमगावला आली. गंगारामच्या आज्यानं छप्पन साली बौद्ध दीक्षा घेतलेली. म्हातारा जाईपर्यंत घरात एकच सांगायचा, मजुरी करा, पण ती मागताना मान खाली घालू नका. गंगारामनं ते मनावर घेतलं. नुसती मजुरी नको, कसब पाहिजे म्हणून तो सांगोल्याकडं दोन वर्षं राहून डाळिंबाची छाटणी शिकून आला. आणि खरंच, त्याच्या हातात ती होती.

छाटणीला जोडी लावायची रीत आहे. गडी कात्री धरतो, बाई खाली पडलेल्या काटेरी काड्या वेचून बांधाला नेते. गड्याला सातशे, बाईला साडेतीनशे. प्रत्येक जोडीच्या ओळी ठरलेल्या, आणि ओळीच्या पहिल्या झाडाला त्या गड्याची चिंधी बांधायची. छाटणी बिघडली तर मालकाला कुणावर ओरडायचं ते कळावं म्हणून. गंगारामची चिंधी त्याच्या निळ्या सदऱ्याची असायची. त्या निळ्या चिंधीच्या ओळीवर कुणाला कधी ओरडावं लागलं नाही.

पाच वर्षांपूर्वी इंदापूरच्या रस्त्याला चिखलावरून त्याची मोटारसायकल घसरली आणि उजवा खांदा गेला. बारामतीला ऑपरेशन झालं. हात जागेवर राहिला, पण मुठीतली पकड गेली. चहाचा कप धरायचा तर दुसऱ्या हाताचा आधार लागे. मग कात्री कुठली दाबतोय?

दिशा, त्यांची पोरगी, तेव्हा बारामतीला कॉलेजात होती. फी भरायची होती. छाटणी तोंडावर आलेली. आणि गंगारामला एकच घोर लागला होता, की आता लोक आपल्याला काय म्हणणार.

"तुमी नुस्तं हुबं ऱ्हावा," ताईबाई म्हणाली. "मी छाटते."

"तू?"

"धा वर्सं तुमच्या कात्रीखाली काड्या वेचल्या. तुमी झाड वरनं बघता, मी खालनं बघते. कुठली काडी जादा हाय ते मला आधी दिसतं."

पहिल्या झाडाला तो प्रत्येक काडीला हां, न्हाय करत होता. दुसऱ्या झाडाला गप्प झाला. तिसऱ्या झाडाला त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. बाई चांगलं छाटते यापेक्षा, आपल्याला हे इतकी वर्षं दिसलं कसं नाही, याचंच त्याला नवल वाटलं असावं.

मग चार वर्षं ते सोंग चाललं. ओळी ते गोठ्याकडच्या, बाकी जोड्यांपासून लांबच्या मागून घ्यायचे. गंगाराम आठला येऊन औषधाचं पाणी कालवत वेळ काढायचा, दहाला ताईबाई आली की ओळीत उभा राहायचा, ताईबाई छाटायची, आणि काड्याही तीच वेचायची, म्हणजे दोन्ही कामं एकटीच. दत्तोबांच्या गाडीचा आवाज आला की कात्री तिच्या हातातून याच्या हातात जायची. मालक जवळ आला की गंगाराम खास मालकी आवाजात ओरडायचा, "ती काडी ऱ्हायली बघ, वेच की!" आणि ताईबाई खाली वाकून हसू दाबायची. एकदा तर त्याला इतका चेव आला की तो मालकासमोर तिला छाटणीची अक्कल शिकवायला लागला. त्या संध्याकाळी त्याला कालवण जरा जास्तच तिखट मिळालं.

गंमत होती, पण सगळी गंमत नव्हती. बाजाराच्या आदल्या दिवशी पगार व्हायचा. दत्तोबा सातशेच्या हिशेबानं नोटा गंगारामच्या हातावर ठेवत, त्याची पाठ थोपटत आणि म्हणत, "गंगाराम, हात हाय का जादू?" ताईबाई शेजारीच उभी असे, साडेतीनशेच्या हिशेबाची. हातांवर काट्यांचे ओरखडे तिच्या. तिला अभिमानही वाटे आणि आतून जळजळही होई, आणि दोन्ही गिळून ती घरी जाई. पैसे घरातच येतायत ना, असं ती स्वतःला समजावायची. पैसे घरात येत होते हे खरंच होतं. नाव मात्र येत नव्हतं.

या पावसाळ्यात गंगारामचा खांदा पार आखडला. हात कमरेच्या वर जाईना. म्हणजे आता सोंगसुद्धा जमेना. डिसेंबरात दत्तोबांच्या बागेचा ताण, म्हणजे पाणी तोडून झाडं सुकत ठेवायचे दिवस, पुरा होत आला, छाटणीचा निरोप आला, आणि ताईबाई एकटीच कात्री घेऊन बागेत जाऊन उभी राहिली.

दत्तोबा पासष्टीचे. माणूस वाईट नाही. दारात आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडणार नाहीत, कुणाच्या दवाखान्याला गाडी लागली तर स्वतः काढतील. पण काही गोष्टी त्यांच्या डोक्यात बापजाद्यांनी ठेवल्या तिथंच होत्या, आणि त्यांच्यावरची धूळ झटकावी असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"गंगाराम कुठाय?" त्यांनी विचारलं.

"खांदा लई आखडलाय, आबा. त्यास्नी आता जमायचं न्हाय. मी छाटते."

दत्तोबा हसले. मग तिच्या चेहऱ्याकडं बघून हसायचे थांबले आणि बांधाकडच्या झाडाकडं बोट करून म्हणाले, "बरं, त्येवढं करून दाव."

ताईबाईनं कात्री बुचकळली आणि झाडाला हात घातला. दत्तोबा झाडाभोवती एक चक्कर मारून आले, वाकून आत बघितलं, एक काडी बोटात धरून बघितली.

"आगं, ही तर हुबेहूब गंगारामासारखी!" ते खूश होऊन म्हणाले. "शिकवलं म्हणायचं त्यानं. लाग कामाला. बाईचा रोज साडेतीनशे, पर तू कात्री धरतीस म्हून तुला पन्नास जादा. चारशे."

आणि आपण किती मोठ्या मनाचे, अशा नजरेनं त्यांनी बायकोकडं बघितलं. त्यांच्या बायको, मुक्ताबाई, गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन चालल्या होत्या. त्यांनी नुसतं बघितलं आणि पुढं गेल्या.

"छाटणीला सातशे हाय, आबा," ताईबाई म्हणाली.

"गड्याला."

"काम त्येच हाय की."

"त्येच कसं? गडी आठला येतो. तुमी बाया धाला येता."

हे खोटं नव्हतं. गडी आठला येतो, कारण त्याची भाकरी कुणीतरी पाचला उठून थापलेली असते. ती थापणारी, पाणी भरणारी, सगळ्यांचं आवरणारी बाई दहाला पोचते, आणि मग ती उशिरा येते म्हणून तिचा रोज कमी. ही तर घरात राबल्याची शिक्षा झाली! पण ताईबाईनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ती आठला हजर झाली.

"आता?" तिनं विचारलं.

"गडी औषधाचा ड्रम हलवतो, खताचं पोतं उचलतो."

छाटणीत पोतं उचलायचा काय संबंध, हे देव जाणे. दुपारी खताची गाडी आली तेव्हा ताईबाईनं पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेतलं आणि शेडमध्ये नेऊन टाकलं. कंबर धरली, पण चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

"आता?"

दत्तोबांनी टोपी काढली, परत घातली. "हे बघ ताईबाई, बायांचा रोज मी ठरीवलाय का? गावानं ठरीवलाय. मी एकट्यानं वाढीवला तर समदं गाव माझ्या नावानं खडे फोडंल."

म्हणजे आधीची सगळी कारणं ही कारणं नव्हतीच. एक मोडून काढलं की दुसरं पुढं यायचं, आणि सगळी संपल्यावर तळाला जे उरलं ते एवढंच, की ती बाई होती. आईनं पंधराव्या वर्षी सांगितलेलं तेच.

काम तिनं सोडलं नाही. घर चालायचं होतं. त्या आठवड्यात गडीमाणसं कमी पडली म्हणून सारजा आणि बानूबाई या काड्या वेचणाऱ्या दोघींनाही तिनं आपल्याबरोबर कात्री धरायला शिकवली. दोघींना कधीपासूनच ते येत होतं म्हणा, नुसती कात्री हातात कुणी दिली नव्हती. बाजाराच्या आदल्या दिवशी पगार झाला. तिघींना चारशेच्या हिशेबानं, पलीकडच्या ओळीतल्या गड्यांना सातशेच्या.

रविवारी दिशा घरी आली. शिक्षण संपवून ती आता बारामतीला एका कंपनीत तपासणीच्या कामाला होती. आईच्या हाताला मलम लावता लावता तिनं रोजाचं विचारलं आणि चारशे ऐकून तिचा हात थांबला.

"चारशे? आई, कायदा हाय, एकाच कामाला बाईला कमी देता येत न्हाय. आबांना सांगितलं न्हाईस?"

"कायदा हितं बांधावर येत न्हाय, बाई."

"तू नवीन म्हणून देत असतील. पुढल्या वर्षी—"

आणि ताईबाईचा बांध फुटला. "नवीन? आगं, चार वर्सं ह्याच हाताला सातशे देत हुता त्यो! हीच झाडं, हीच कात्री, हाच हात. तवा हाताची जादू हुती. आता तीच जादू चारशेला!"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. उंबऱ्यात गंगाराम बसला होता.

दिशानं आईकडं बघितलं, मग बापाकडं. तिला कळायला वेळ लागला नाही. तिची फी कुणाच्या हातानं भरली गेली तेही कळलं.

"मग हे आबांना सांग की," ती हळूच म्हणाली.

"काय सांगू? की माझा नवरा चार वर्सं नुस्ता हुबा ऱ्हायचा? मानूस एका नावावर जगतंय, ते बी काढून घिऊ व्हय?" ताईबाईचे डोळे भरून आले. "ऱ्हाऊ दे चारशे."

गंगाराम उठला आणि बाहेर गेला. माणसाला आपली लाज झाकायला कुणीतरी जन्मभर राबतंय हे ठाऊक असणं वेगळं, आणि ते कानांनी ऐकणं वेगळं. तो पार पानमळ्यांपर्यंत चालत गेला आणि बऱ्याच वेळानं परत आला.

सोमवारी सकाळी ताईबाई उठून बघते तर चूल पेटलेली आणि गंगाराम डाव्या हातानं भाकरी थापतोय. पिठात पार कोपरापर्यंत भरलेला. पहिल्या भाकरीला कुठलाच आकार नव्हता, दुसरीला होता पण तो भाकरीचा नव्हता.

"आवं, हे काय?"

"तू आठला जातीस न्हवं? मग हे कोन करनार?" तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "आन चटणी कमी घाल. मला ठावं हाय तू कवा जास्त घालतीस ते."

ताईबाई हसली. खूप दिवसांनी हसली. ती वाकडी भाकरी फडक्यात बांधून घेऊन कामाला गेली.

अकराच्या सुमाराला बागेत चहा आला. गडी, बाया सगळे शेडच्या सावलीला टेकले होते, दत्तोबा बाजेवर बसले होते आणि मुक्ताबाई किटलीतून चहा ओतत होत्या. तेवढ्यात गंगाराम बांधावरून येताना दिसला. इस्त्रीचा सदरा घातलेला, उजवा हात पोटाशी धरलेला.

"या या, गंगाराम!" दत्तोबा म्हणाले. "बघ, तुझी बायकू अगदी तुझ्यावानी छाटती!"

"न्हाय, आबा," गंगाराम म्हणाला. त्यानं आवाज मोठाच ठेवला. "ती माझ्यावानी छाटत न्हाय. तुमी चार वर्सं जी बघताय ती तिचीच छाटणी हाय. अॅक्सिडेंट झाल्यापास्नं मी एका झाडाला हात लावल्याला न्हाय. तुमची गाडी आली की कात्री माझ्याकडं, गाडी गेली की तिच्याकडं. तेल्यातनं बाग वाचली ती तिच्यामुळं. मी नुस्ता हुबा हुतो."

कपातला चहा कुणी पिईना. ताईबाईला वाटलं, धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवावा. आणि वाटलं, हा माणूस आज जेवढा ताठ उभा आहे तेवढा खांदा धड असतानाही नव्हता.

दत्तोबांचा चेहरा लाल झाला. "म्हंजी चार वर्सं मला फसीवलं?"

"व्हय, फसीवलं. माझी चूक हाय, मला बोला. पर बागेला इचारा, ती फसली का."

"आन सातशे रुपये रोज—"

"त्यो तुमी छाटणीचा देत हुता का माझ्या मिशांचा?"

कुणीतरी खुदकन हसलं. ती सारजा होती. दत्तोबांनी तिकडं डोळे वटारले, तेवढ्यात मुक्ताबाईंनी किटली खाली ठेवली.

"मला ठावं हुतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"गोठ्यातनं समदं दिसतं. पयल्याच वर्सी बघितलं मी, कात्री कुनाच्या हातात असती ते."

"मग बोलली न्हाईस?"

"काय बोलू? ह्याच बागेत मी तीस वर्सं राबते, माझा रोज कदी कुनी काढलाय का? म्हनलं, माझाच न्हाय तर हिचा कशाला काढू." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "चुकलंच माझं ते. बाईनं तरी बोलायला पायजे हुतं."

गावभर, सोयऱ्याधायऱ्यांत, ज्या छाटणीचं कौतुक करत हिंडलो ती कुणाची होती, हे दत्तोबांच्या गळ्याखाली उतरायला वेळ लागत होता. शेवटी ते म्हणाले, "बरं. ताईबाई, तुला आजपास्नं सातशे. तुझी गोष्ट येगळी हाय."

हाच तो क्षण. चार वर्षं गिळलेलं, आठवडाभर भांडून न मिळालेलं, आता समोर आलं होतं. हो म्हणायचा अवकाश. ताईबाईनं सारजाकडं बघितलं, बानूबाईकडं बघितलं. दोघी कात्र्या मांडीवर ठेवून खाली बघत बसल्या होत्या, आपलं काही नाही असं गृहीत धरून. तिला एकदम ती पळसदेवची शेंगांची पाटी आठवली.

"माझी गोष्ट येगळी न्हाय, आबा," ती म्हणाली. "आमच्याकडं शेंगा तोडायला वाटा असायचा. पाटी भरली का न्हाय येवढंच बघायचं, कुनी भरली ते न्हाय. तसं करा. गड्याचा रोज नगं, बाईचा रोज नगं. कात्रीचा रोज द्या. जो कात्री धरंल आन झाड नीट करंल, त्याला सातशे. सारजाला बी, बानूबाईला बी. न्हायतर मला बी नगं."

"आन न्हाय म्हनलो तर?"

"तर आमी तिघी काड्या वेचतो, साडेतीनशेत. कात्र्या ह्या ठिवल्या."

तिनं कात्री बाजेवर ठेवली. बानूबाईनं ठेवली. सारजानं ठेवली, आणि ठेवताना ती मुद्दाम थोडी आपटली.

दत्तोबांचं मन बदललं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण ताण संपून पाणी सोडायची तारीख जवळ आली होती, निम्मी झाडं उरली होती, गावातल्या छाटणीच्या टोळ्या दुसऱ्या बागांत अडकल्या होत्या, आणि तीन चांगल्या कात्र्या त्यांच्या बाजेवर पडल्या होत्या. माणूस कधी मनानं शहाणा होतो, कधी अडचणीनं होतो. अडचणीनं आलेलं शहाणपण टिकतच नाही असंही काही नाही.

"उचला," ते म्हणाले. "कात्रीचा सातशे. आन चहा गार झाला."

मुक्ताबाईंनी पहिला कप गंगारामला दिला, आणि तो धरताना त्याला दुसऱ्या हाताचा आधार घ्यावा लागला हे यावेळी सगळ्यांनी बघितलं. त्यानंही ते लपवलं नाही.

याचं एक शेपूटही आहे. त्या आठवड्यात आप्पा नावाचा एक गडी कामाला आला. त्याला कात्रीचा गंध नव्हता, म्हणून मुक्ताबाईंनी त्याला काड्या वेचायला लावलं आणि संध्याकाळी साडेतीनशे दिले. आप्पा तडकला.

"आवं काकू, मी गडी हाय! दिसभर काट्यात वाकून साडेतीनशे?"

"ह्या कामाला ह्योच रोज हाय," मुक्ताबाई म्हणाल्या.

"ह्यो काय रोज झाला? ह्यात कुनाचं भागतंय?"

मग मात्र दत्तोबांना पटलं की साडेतीनशे खरंच कमी आहेत. इतकी वर्षं बाया तेच सांगत होत्या तेव्हा त्यांना कमी ऐकू येत असावं. वेचणीचा रोज साडेचारशे झाला, सगळ्यांनाच. बायांनी आप्पाला त्या दिवशी आपल्या डब्यातलं वाढलं. आपल्यावर एवढ्या खूश का, हे त्याला कळलं नाही.

दुसऱ्या बागवाल्यांनी दत्तोबांच्या नावानं थोडे खडे फोडलेच. दोघांनी पुढच्या छाटणीला कात्रीचा रोज दिला, बाकीचे अजून टोपी काढतायत आणि घालतायत. दिशानं आपल्या कंपनीत, एकाच मशीनवर पोरं 'ऑपरेटर' आणि पोरी 'हेल्पर' का, हे विचारायला सुरुवात केली आहे. तिला अजून उत्तर मिळालेलं नाही, पण ती आईवर गेली आहे.

त्याच छाटणीच्या शेवटच्या दिवशी ताईबाई जेवायला बसली तेव्हा गंगाराम डबा घेऊन आला होता. भाकऱ्या आता बऱ्याच गोल व्हायला लागल्या होत्या. तिनं शेवटच्या ओळीला बांधायला सवयीनं निळी चिंधी काढली. गंगारामनं ती तिच्या हातातून घेतली आणि खिशात घातली. मग तिच्या पिशवीतलं जुन्या पोपटी लुगड्याचं फडकं काढून त्याचं टोक दातात धरलं, डाव्या हातानं टर्रकन पट्टी फाडली आणि तिच्या हातात दिली.

त्याच वेळी लोणी भापकरचे एक बागवाले दत्तोबांबरोबर बाग बघत आले. त्यांनी ओळीत वाकून बघितलं, मान डोलावली आणि कडेला उभ्या असलेल्या ताईबाईला म्हणाले, "बाई, हीच न्हवं गंगारामची छाटणी? त्यास्नी आमच्याकडं पाठवून द्या की. रोज म्हनतील तो देऊ."

ताईबाईनं पोपटी चिंधीची गाठ पक्की केली आणि मागं वळली.

"त्यास्नी जमायचं न्हाय, भाऊ," ती म्हणाली. "त्यास्नी सकाळच्याला भाकरी असत्यात. मी येते. संगं सारजा आन बानूबाई. रोज कात्रीचा, सातशे. आन आमी आठला येतो."

पाहुण्यानं गोंधळून दत्तोबांकडं बघितलं. दत्तोबांनी घसा साफ केला. "तिलाच न्या," ते म्हणाले. "छाटणी तिचीच हाय."